हिवाळ्यात तब्येतीचा एतदाल: हकीमांच्या सहा गोष्टी आणि घरातली खबरदारी

नोव्हेंबर लागला की नाशिक, खानदेश आणि मराठवाड्यात पहाटेचा गारठा जाणवू लागतो. निफाडला तर काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली जातो. मुंबई आणि कोकणात थंडी बेताची असते, पण शहरांत धूर आणि धूळ वर न जाता खालीच साचून राहते. घराघरांत रजया बाहेर निघतात, निहारी-पाये शिजू लागतात, जोशांद्याचा वास येऊ लागतो. हे सगळे हवेच. पण हिवाळ्यात बऱ्याचदा नुकसान होते ते थंडी घालवण्याच्या आपल्या उपायांत अतिरेक झाल्याने. खोली बंद करून शेगडी पेटवणे, पाणी पिणे सोडणे, जड जेवून पांघरुणात शिरणे, जोशांद्याच्या भरवशावर बीपीची गोळी थांबवणे ही त्याची रोजची उदाहरणे. म्हणून या लेखाचा सगळा भर एका शब्दावर आहे: एतदाल, म्हणजे समतोल.

सहा गोष्टींची जुनी यादी

युनानी तिब्बमध्ये शरीरात चार खिल्त मानले आहेत: खून, बलगम, सफरा आणि सौदा. हिवाळा बलगमचा म्हणजे कफाचा मोसम समजला जातो. आजचे वैद्यकशास्त्र हा चार खिल्तांचा सिद्धांत मानत नाही. पण हकीमांनी तब्येत टिकवण्यासाठी सांगितलेल्या सहा गोष्टी, 'असबाब-ए-सित्ता जरूरिया', आजही तितक्याच कामाच्या आहेत. इब्न सीना यांचा 'अल-कानून फित-तिब्ब' सुमारे १०२५ मध्ये पुरा झाला, त्यातही या गोष्टींची चर्चा आहे. हवा, खाणे-पिणे, शरीराची हालचाल आणि आराम, मनाची हालचाल आणि आराम, झोप आणि जाग, आणि शरीरात काय साठते व काय बाहेर पडते, अशी ही यादी. हिवाळ्यासाठी ती एकेक करून पाहू.

१. हवा: शेगडी आणि गॅस गिझर

सगळ्यात आधी जिवाची गोष्ट. कोळशाची शेगडी, लाकडाचा निखारा किंवा गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. झोपलेल्या माणसाला तर काही कळतही नाही. निखाऱ्यातून धूर येत नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत चुकीची आहे.

रात्री झोपण्यापूर्वी घरातली आग विझवावी, ही ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिल्याचे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत आहे. बाळंतिणीच्या खोलीत शेक देण्यासाठी शेगडी ठेवायची असेल तर दार-खिडकी थोडी उघडी हवी, आणि शेक झाला की शेगडी बाहेर काढायची.

गॅस गिझरचेही तसेच. तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आत असेल तर आधी बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा आणि मगच आंघोळीला जावे. घरातल्या दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, चक्कर आली, मळमळले, तर 'थंडी बाधली' म्हणून झोपू नये. सगळ्यांनी लगेच बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि १०८ ला फोन करावा.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावांत आणखी एक गोष्ट आहे. कारखान्यात कापसाचा बारीक तंतू उडत असतो. थंडीत खिडक्या बंद झाल्या की तो आतच फिरतो. दमेकऱ्यांनी आणि जुना खोकला असलेल्या कामगारांनी मास्क लावावा, आणि डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये.

२. खाणे-पिणे: गरम म्हणजे जड नव्हे

थंडीत भूक वाढते. बाजरीची भाकरी, मेथी, तीळ, डिंकाचे लाडू, खारीक, अंडी, गरम शोरबा हे सगळे आपल्या मातीतले आणि मोसमाला साजेसे. जवाची पातळ खीर, जिला हदीसमध्ये तलबीना म्हटले आहे, आजारी आणि दुःखी माणसासाठी हजरत आयेशा (रजि.) सुचवत असत. पचायला हलकी असल्याने वृद्धांना सकाळी ती चांगली.

निहारी, पाये, हलीम हिवाळ्याची शान आहेत, पण रोजचे जेवण नव्हेत. त्यातच हा लग्नांचा मोसम. वर तरंगणारी चरबी काढून टाकली, सोबत मुळा-काकडी-लिंबू घेतले आणि दुसऱ्या वेळी साधी डाळ-भाकरी ठेवली तर एतदाल राहतो. डायबेटिस असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की खजूर, मध आणि गूळ मुबारक आणि पौष्टिक असले तरी रक्तातली साखर वाढवतातच. कलोंजीबद्दल हदीस आहे, तिचा आदर आहे. पण कलोंजी घेतो म्हणून इन्सुलिन किंवा बीपीची गोळी सोडा, असे त्यात कुठेही नाही.

जोशांद्यात उन्नाब, सपिस्तान, बेहिदाना, गावजबान, मुलेठी असे घटक असतात. घशाला आराम पडतो. पण मुलेठी, म्हणजे आपले ज्येष्ठमध, रोज जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होते. बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय महिनाभर जोशांदा घेऊ नये.

आणि पाणी. थंडीत तहान लागत नाही, शरीराची गरज मात्र राहते. पाणी कमी झाले की बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, मुतखडा असे त्रास सुरू होतात. प्रत्येक नमाजनंतर एक पेला कोमट पाणी, अशी सवय लावली तर वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल तर अर्थात त्यांचेच ऐकावे.

३. हालचाल आणि ऊन

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. पहाटे हा ताण जास्त जाणवतो. म्हणून फजरला उठणाऱ्या वयस्कर मंडळींनी रजईतून एकदम उभे राहू नये. दोन मिनिटे पलंगावर बसावे, कान आणि छाती झाकावी, मग उठावे. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक घाम अशी लक्षणे दिसली तर 'गॅस झाला असेल' म्हणत थांबू नये. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे. त्यात गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून मिनिटामिनिटाला किंमत आहे.

सांधे आखडणाऱ्यांनी चालणे बंद न करता वेळ बदलावी. ऊन पडल्यावर, नऊनंतर चालायला जावे. उन्हाची गरज आपल्या घरांतल्या बायकांना विशेष आहे. बंद गल्ल्या, परदा आणि घरकाम यामुळे अंगाला ऊन लागतच नाही, आणि ड जीवनसत्त्व कमी पडले की हाडे दुखतात. गच्चीवर किंवा अंगणात, जिथे परद्याचा प्रश्न नाही तिथे, हात आणि पाय उघडे ठेवून दुपारच्या आसपास थोडा वेळ बसावे. खिडकीच्या बंद काचेमागे बसून उपयोग नाही, कारण ज्या किरणांनी ड जीवनसत्त्व तयार होते ते काच अडवते.

४. झोप आणि जाग

मुंबई-नाशिककडे डिसेंबरमध्ये मगरिब सहाच्या सुमारास होते, इशाही लवकर उरकते. रात्र लांब मिळते, पण ती मोबाइलमध्ये जाते. इशानंतर विनाकारण गप्पा मारत जागणे हुजूर (स.) यांना पसंत नव्हते. दहाला झोपणाऱ्याला फजर जड जात नाही. शाळेत पहिल्या तासाला डुलक्या घेणारी मुले आम्ही रोज पाहतो, आणि त्यांना थंडीपेक्षा जागरण नडलेले असते.

दिवस लहान असल्याने रमजानचे कजा रोजे पुरे करायला हा मोसम सोपा. आपल्याकडे जूनमध्ये रोजा साडेचौदा तासांच्या पुढे जातो, डिसेंबरच्या अखेरीस तो सव्वाबारा तासांच्या आसपास असतो. ज्या बहिणींचे रोजे राहिले आहेत त्यांनी ही संधी घ्यावी. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

५. मन

हकीमांनी मनाला शरीराइतकेच स्थान दिले, हे विशेष. थंडीत दारे लवकर बंद होतात, म्हातारी माणसे एकटी पडतात. दादी-नानीच्या खोलीत रोज अर्धा तास बसणे, त्यांच्या गोळ्या वेळेवर आहेत का हे पाहणे, दुपारी त्यांना उन्हात खुर्ची टाकून देणे, ही खिदमतही आहे आणि इलाजही. शेजारच्या झोपडीत, पुलाखाली, स्टँडवर कोणी बिनपांघरुणाचे झोपत असेल तर आपल्या कपाटातली जास्तीची रजई हा तिचाच हक्क समजावा.

६. साठणे आणि बाहेर पडणे

घाम कमी, पाणी कमी, भाजी कमी, मग पोट साफ होत नाही. पपई, पेरू, पालेभाज्या आणि कोमट पाणी हा पहिला उपाय. त्वचेला आंघोळीनंतर तिळाचे किंवा खोबऱ्याचे तेल लावावे. वजूनंतर पायाच्या बोटांमधली जागा पुसून कोरडी करावी, नाहीतर चिखल्या होतात. डायबेटिसमध्ये पायांची जाणीव कमी झालेली असू शकते. अशांनी शेगडीजवळ पाय धरू नयेत, गरम पाण्याची पिशवीही लावू नये. भाजलेले कळत नाही आणि जखम चिघळते.

वजू, गुस्ल आणि सवलती

थंड पाण्याने वजू केला तरच सवाब जास्त, असे काही बुजुर्ग मानतात. अडचण असतानाही वजू नीट पुरा करण्याची फजीलत हदीसमध्ये आहे, पण पाणी कोमट करून घेऊ नका असे तिथे सांगितलेले नाही. कोमट पाण्याने वजू दुरुस्त आहे. मशिदीच्या कमिट्यांनी हौजाशेजारी गरम पाण्याचे दोन नळ ठेवले तर अनेक वृद्धांची जमात सुटणार नाही.

चामड्याचे मोजे, म्हणजे खुफ्फैन, पूर्ण वजूवर घातले असतील तर घरी राहणाऱ्याला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्र त्यांवर मसह करता येतो. भेगा पडलेल्या पायांना ही मोठी सवलत आहे. पातळ सुती मोज्यांवर मसह होतो का, यात मतभेद आहेत. हनफी आणि कोकणात पाळल्या जाणाऱ्या शाफई मस्लकचे उलमा परवानगी देत नाहीत, अहले हदीस उलमा देतात. आपापल्या आलिमांना विचारावे.

हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी ८ हिजरीतल्या एका मोहिमेत कडाक्याच्या रात्री गुस्लने जीव जाईल या भीतीने तयम्मुम करून नमाज पढवली. हुजूर (स.) यांना हे कळले तेव्हा त्यांनी स्मित केले, नाराजी दाखवली नाही. म्हणजे जीव जपणे दीनमध्ये आहे. मात्र गरम पाणी मिळत असेल तर नुसती थंडी वाजते म्हणून तयम्मुम होत नाही. ताप, खोकल्याने बेजार असलेल्याला जमातीची सूट आहे. त्याने घरी नमाज पढावी, त्यात शेजारच्या नमाजींचेही भले आहे.

लहान मुलांसाठी

१ वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, घुट्टीतही नाही आणि खोकल्यावरही नाही. मधातल्या काही जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. तहनीक सुन्नत आहे आणि हदीसमध्ये ती खजुराने केल्याचे आले आहे. तेव्हा खजुराचा अगदी किंचित रस टाळूला लावावा, आणि सर्दी-खोकला असलेल्याने ते करू नये.

बाळाला सर्दी झाली तर श्वास मोजायला शिका. बाळ शांत असताना पूर्ण १ मिनिट पोटाची वर-खाली होणारी हालचाल मोजा. २ महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षे ४० किंवा जास्त श्वास असतील तर न्यूमोनियाची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, ओठ निळे दिसत असतील तर रात्र असली तरी थांबू नये. न्यूमोनियाविरुद्धची पीसीव्ही लस सरकारी केंद्रात मोफत मिळते: ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने. कार्ड काढून आजच तारीख पाहावी.

आज रात्री करायच्या पाच गोष्टी

शेगडी खोलीबाहेर ठेवा. गॅस गिझर कुठे बसवला आहे ते पाहा. घरातल्या बुजुर्गांच्या बीपी-साखरेच्या गोळ्या मोजा आणि संपत आल्या असतील तर उद्याच आणा. झोपण्याच्या खोलीची एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. आणि १०८ हा नंबर घरातल्या शाळकरी मुलांकडूनही पाठ करून घ्या. उन्हाळ्याइतकाच हिवाळाही अल्लाहची नेमत आहे, आणि तिचा शुक्र म्हणजे ही अमानत, आपले शरीर, सांभाळून वापरणे.