दिव्याचे बटन कोणाच्या हाती?

१८८४ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईचे गिरणीकामगार नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने एकत्र जमले आणि त्यांनी फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी एक अर्ज तयार केला. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी त्याला आपली संमती दिली. मागण्या साध्याच होत्या. आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे.

या शेवटच्या मागणीपाशी आम्ही वाचकांना क्षणभर थांबवू इच्छितो. कामगारांनी संध्याकाळचा अमुक एक वाजण्याचा ठोका मागितला नाही, सूर्यास्त मागितला. कारण उघड आहे. भोंगा मालकाचा होता, घड्याळ मालकाचे होते. मावळणारा सूर्य मात्र कोणाच्याच मालकीचा नव्हता. अंधार पडला की धागा दिसेनासा होई आणि साचा थांबवावा लागे. गरिबाच्या बाजूने उभा राहणारा तेवढा एकच कायदा त्या काळी होता, आणि तो आकाशाने केलेला होता.

हा कायदा विजेच्या दिव्याने मोडला.

एडिसनने १८७९ साली आपला तारेचा दिवा पेटवून दाखवला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८२ साली, मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. परंतु ते दिवे लावणारी कंपनी लवकरच बुडाली आणि शहर पुन्हा गॅसच्या उजेडात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र गिरण्यांनी ही नवी वस्तू उचलली. १९०५ च्या सुमारास अनेक गिरण्यांच्या खात्याखात्यांतून विजेचे दिवे टांगले गेले. त्या वर्षी सुताला आणि कापडाला चांगली मागणी होती. सूर्य मावळला तरी आता साचा थांबण्याचे कारण उरले नाही, आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. पहाटे अंधारात चाळ सोडायची आणि रात्री अंधारातच परत यायचे, असा क्रम सुरू झाला. कामगारांनी ते निमूटपणे सोसले नाही. त्याच वर्षी त्यांनी या लांबलेल्या दिवसाविरुद्ध संप केले. वृत्तपत्रांतून ओरड झाली. सरकारने १९०६ साली एक समिती आणि १९०७ साली एक कमिशन नेमले. अखेर १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामालाही प्रथमच मर्यादा घातली. ती बारा तासांची होती. पुढे १९२२ साली दिवसाचे अकरा, १९३४ साली दहा आणि १९४६ साली नऊ तास झाले. सूर्यास्ताने फुकट दिलेली गोष्ट कायद्यातून परत मिळवण्यास इतकी वर्षे लागली.

यावरून कोणी असे समजू नये की आम्ही विजेच्या दिव्याचे वैरी आहोत. त्याच दिव्याखाली कामगारांची मुले शिकली. आम्हीही शाळा सुटल्यावर जे काही चार ग्रंथ वाचले, ते त्याच्याच उजेडात. भांडण दिव्याशी कधीच नव्हते. भांडण एवढेच होते, की दिव्याचे बटन कोणाच्या हाती असावे. आमचे म्हणणे असे की हा प्रश्न केवळ गिरणीचा नाही. घराच्या छताला टांगलेला एखादा जुना दिवा उतरवून नवा बसवायचा झाला, तरी तोच प्रश्न अगदी शब्दशः पुढे येऊन उभा राहतो.

आमच्या संघटनेतील वायरमन बंधूंच्या सहवासात आम्ही हे काम पुष्कळ पाहिले. जुन्या इमारतीतील छताचा दिवा म्हणजे इतिहासाचे एक पानच असते. सर्वांत जुन्या कामात सागवानी लाकडाच्या खोबणीतून तारा नेलेल्या असतात व वर लाकडी झाकण ठोकलेले असते. त्यानंतर पट्टी फिटिंग आले. मग लोखंडी नळी आली. पुढे प्लॅस्टिकची नळी भिंतीच्या पोटात गेली. जुनी तार तांब्याची, तिच्यावर रबर आणि रबरावर सुताचे वेष्टन. तांबे टिकते, रबर टिकत नाही. जुन्या बल्बमध्ये उजेड थोडा आणि उष्णता फार. ती उष्णता वर्षानुवर्षे छतातील तारांच्या टोकांना भाजत राहिली. म्हणून खोलीत इतरत्र शाबूत दिसणारे रबर नेमके दिव्याच्या वर, सिलिंग रोझच्या आत, बोट लावताच भुग्यासारखे गळून पडते. नवा झगझगीत दिवा आणून या गळक्या टोकांना जोडला, तर बदल फक्त डोळ्यांना दिसतो. धोका होता तिथेच राहतो.

आता बटनाचे पाहू. दिव्याकडे दोन तारा जातात. एक फेजची, जिच्यात जीव घेण्याची शक्ती आहे. दुसरी न्यूट्रलची, जी परतीची वाट आहे. बटन कोणत्याही तारेत घातले तरी दिवा लागतो आणि विझतो, आणि इथेच फसगत होते. बटन फेजच्या तारेत असेल, तर ते बंद केल्यावर होल्डरपर्यंत वीज पोहोचतच नाही. तेच बटन न्यूट्रलमध्ये असेल, तर दिवा विझतो खरा, पण होल्डर जिवंतच राहतो. घोड्यावर चढलेला माणूस वर पाहतो, अंधार दिसतो, आणि निश्चिंतपणे हात घालतो. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी एकट्या न्यूट्रलमध्ये बटन घालण्यास स्पष्ट मनाई केली होती. पुढे २०१० साली आणि पुन्हा २०२३ साली नवे सुरक्षा-विनियम आले, तरी तत्त्व तेच राहिले. मौज अशी की आजचा एलईडी दिवा ही जुनी चूक कधी कधी स्वतःच उघडी पाडतो. बटन बंद केल्यावरही तो मंद मिणमिणत राहिला, तर बटन चुकीच्या तारेत असण्याचा संशय घ्यावा व जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे.

बटनावर विसंबू नये याचे दुसरेही कारण आहे. पुष्कळ जुन्या कामांत न्यूट्रलची तार एका दिव्यावरून पुढच्या दिव्यावर गेलेली असते. ती सोडवली की पुढच्या खोलीतील दिवा विझतो. आणि त्या दिव्याचे बटन चालू असेल, तर त्याच्यातून फिरून आलेली वीज या सुट्या टोकावर येऊन उभी राहते. म्हणजे जिला आपण निरुपद्रवी परतीची वाट समजत होतो, तीच मारक होते. रंगावरही भरवसा नको. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंगची, हा संकेत खरा. पण जुन्या घरात दोन्ही तारा एकाच रंगाच्या सापडतात. म्हणून जाणता वायरमन आधी मेन स्विच बंद करतो आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकतो. टेस्टर प्रथम चालू तारेवर लावून तो ठीक आहे हे पाहतो, आणि मगच छताकडे वळतो. जुना दिवा सोडवण्यापूर्वी कोणती तार कुठे होती याची खूण करून ठेवतो. नवा दिवा धातूचा असेल, तर अर्थिंगची तार असल्यावाचून तो बसवत नाही. वजनदार दिवा तारेवर टांगत नाही, छतातील आकड्याला टांगतो. खिशातील तो फ्यूज आम्हांला फार मोलाचा वाटतो. जोवर माणूस वर आहे, तोवर बटन त्याच्याच हाती असले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

तारेचे एक टोक छतात आहे. दुसरे कुठवर जाते, तेही ध्यानात ठेवावे. १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. तिच्यासाठी लोणावळ्याच्या बाजूला धरणे बांधून पाणी अडवले होते. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, कारण त्या पाण्याखाली त्यांची भातखाचरे जाणार होती. धरण झाले, खाचरे गेली. बटन दाबणाऱ्याला यांतले काही दिसत नाही. वीज हिशेबाच्या वहीत युनिटांनी मोजली जाते. तिच्या वाटेवरील माणसे त्या वहीत येत नाहीत.

आज छतावर चढणारा माणूसही असाच वहीबाहेर राहतो. वायरिंगची मजुरी बहुधा पॉइंटामागे ठरते. दिवा बदलला की एक पॉइंट झाला, त्याचे पैसे. परंतु जुने रबर तपासणे, बटन कोणत्या तारेत आहे ते पाहणे, गळलेले टोक कापून मागची शाबूत तार शोधणे, अर्थिंग नसेल तर ती आणणे, या वेळेचा दर कोणी धरत नाही. घरमालक म्हणतो, दिवाच तर बदलायचा आहे. कंत्राटदार म्हणतो, अजून दहा पॉइंट बाकी आहेत. मग फ्यूज खिशात जात नाही. नुसते बटन बंद करून हात वर जातो. हा हात अनाडी नसतो, घाईत असतो, आणि ती घाई त्याच्या दरात लिहिलेली असते.

म्हणून आमचे वाचकांस सांगणे एवढेच. परवानाधारक माणसाकडून काम करून घ्या, हे नियम सांगतातच. तीस मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारे साधन मेनवर बसवा, हेही खरे. पण त्याबरोबर तपासणीच्या वेळेचे दाम निराळे द्या, आणि माणूस वर असेतो मेनला कोणी हात लावणार नाही याची हमी द्या. १८८४ च्या अर्जात कामगारांनी वेळच मागितली होती. छताखाली घोड्यावर उभा असलेला माणूसही तीच मागतो आहे.