मॅक्रो (स्प्रेडशीटमधील)
स्प्रेडशीट प्रणालीत कामे आपोआप पार पाडणारा किंवा तिच्या ठरावीक वर्तनात वापरकर्त्याच्या गरजेनुसार बदल घडवणारा, साठवून ठेवलेला आज्ञासंच म्हणजे मॅक्रो. एक्सेलमध्ये 1993 च्या पाचव्या आवृत्तीपासून तो व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स या भाषेत लिहिता येतो. उदाहरणार्थ, भोर तालुक्यातील शिवरेसारख्या गावातील जमिनींची यादी करताना ‘5/2’ हा पोटहिश्शाचा क्रमांक टंकित केला, तर भारतीय दिनांकपद्धती निवडलेली प्रणाली त्याला 5 फेब्रुवारी मानते. नोंद झाल्यावर चालणाऱ्या मॅक्रोला मूळ क्रमांक खात्रीने परत आणता येत नाही, म्हणून नवे पान तयार होताच त्या स्तंभाला ‘मजकूर’ हे स्वरूप देणारा मॅक्रो अधिक भरवशाचा ठरतो. मॅक्रोतून घातक आज्ञाही चालू शकत असल्याने इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो रोखून धरण्याची पद्धत एक्सेलने 2022 मध्ये स्वीकारली.