गोचीड : बारामती–इंदापूर परिसर

गोचीड हा रक्तावर जगणारा अष्टपाद वर्गातील जीव, कीटक नव्हे. अंड्यातून निघालेल्या पिलाला सहा पाय असतात, पुढच्या अवस्थांत आठ. पर्जन्यछायेतील या दोन तालुक्यांत माणसाला गोचीड लागतो तो बहुधा गोठ्यातून, मेंढ्यांच्या कळपातून किंवा कुत्र्यावरून. हायलोमा या गोचीडाची सोंड लांब, पायांवर फिकट पट्टे. कुत्र्यावरचा ऱ्हिपिसेफॅलस तांबूस, आखूड सोंडेचा. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी राखाडी दिसते, म्हणून रंगावर न जाता पाय व तोंड पाहावे.

संकरित गाईंना जेरीस आणणारा थायलेरिया हायलोमामुळे पसरतो. तो माणसाला होत नाही. माणसाला होणाऱ्या टिक टायफसमध्ये ताप, डोकेदुखी व तळहात-तळपायांपर्यंत पुरळ येते. डॉक्सिसायक्लिन गुणकारी ठरते. क्रिमियन-काँगो तापाची साथ 2011 मध्ये गुजरातेत आढळली. त्याचा विषाणू हायलोमा वाहतो, म्हणून गाईच्या कासेवरचे गोचीड उघड्या बोटांनी चिरडण्याची सवय खरोखर धोक्याची आहे. कर्नाटकात 1957 मध्ये ओळखला गेलेला माकडताप 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात पसरला. तो दमट जंगलाचा रोग असल्याने या माळरानावर त्याची धास्ती घेऊ नये.

चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावा. रॉकेल किंवा चटका नको. पुढील दोन आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांना चाव्याची माहिती द्यावी.