शिंपल्याची साक्ष

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि दफ्तरें आपल्या डोळ्यांपुढें येतात. आज ज्या साधनाविषयीं मी बोलणार आहें, त्यावर एकहि अक्षर कोरलेलें नाहीं. तो एक साधा शिंपला आहे. शास्त्रज्ञ त्यास 'माया अरेनेरिया' म्हणतात. आपल्या मायेशीं त्या नांवाचा कांहीं संबंध नाहीं. उत्तर अटलांटिकच्या खाड्यांतून तो चिखलांत खोल पुरून राहतो आणि लांब नळीनें वरचें पाणी ओढून जगतो.

युरोपांत हा प्राणी फार प्राचीन काळीं होता. हिमयुगांत तो तेथून नाहींसा झाला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र तगून राहिला. आज युरोपांत तो पुन्हां विपुल आहे. मग तो परतला कसा? त्याचीं सूक्ष्म पिलें दोन-तीन आठवडे पाण्यांत तरंगतात. शेजारची खाडी गांठण्यास एवढा अवधि पुरतो. महासागर ओलांडण्यास पुरत नाहीं. तेव्हां त्याला कोणीतरी आणलें असलें पाहिजे. कोलंबस १४९२ त अमेरिकेस पोंचला. त्यानंतरच्या एखाद्या गलबतानें हें काम केलें असावें, असा विद्वानांचा बराच काळ समज होता.

त्या सफरीस बरोबर ५०० वर्षें झालीं, त्याच वर्षीं, १९९२ मध्यें, डेन्मार्कच्या संशोधकांनीं हा समज हलविला. जटलंडच्या उत्तर टोंकास स्कागेन येथें मिळालेल्या शिंपल्यांचें वय त्यांनीं किरणोत्सारी कार्बनाच्या साहाय्यानें मोजलें. तें इ. स. १२४५ ते १२९५ च्या सुमाराचें निघालें. तेव्हां कोलंबसाचा जन्महि झालेला नव्हता!

त्या काळीं युरोपांतून अमेरिकेकडे जाणारे ज्ञात दर्यावर्दी म्हणजे ग्रीनलंडांत वसाहत करून राहिलेले नॉर्स लोक. न्यूफाउंडलंड बेटावर त्यांच्या घरांचे अवशेष १९६० त सांपडले. तेथील लांकूड १०२१ मध्यें तोडलेलें आहे, हें २०२१ त सिद्ध झालें. मार्कलंड नांवाच्या पश्चिमेकडील भूमीवरून आलेल्या एका जहाजाची नोंद आइसलंडच्या वार्षिकवृत्तांत १३४७ खालीं आहे. शिंपला जहाजावर चढला तो वाटेंतील ताजें अन्न म्हणून, कीं तळाच्या वाळूबरोबर, हें मात्र कोणीं लिहून ठेवलें नाहीं. त्याची साक्ष तारखेपुरती आहे. वाहकाचें नांव आपण परिस्थितीवरून ताडतों.

दुसऱ्या प्रवासाचा माग अधिक स्पष्ट आहे. अमेरिकेचे दोन्ही किनारे जोडणारा लोहमार्ग १८६९ त पुरा झाला आणि अटलांटिकचीं जिवंत कालवें सॅन फ्रान्सिस्कोकडे जाऊं लागलीं. त्यांच्यासोबत हाहि गेला. १८७४ त तेथील खाडींत तो आढळला, तेव्हां शास्त्रज्ञांना ती नवीच जाति वाटली आणि शोधकाचें नांव तिला देण्यांत आलें! हा पूर्वेकडचा जुनाच रहिवासी, हें मागाहून उमगलें. १९६६ त तो काळ्या समुद्रांतहि प्रकटला.

एकदां रुजलेला हा पाहुणा कोणालाहि परत धाडतां आलेला नाहीं. उलट, बाल्टिक समुद्राच्या अगदीं अलीकडील कालखंडास भूगर्भशास्त्रज्ञांनीं 'माया समुद्र' हेंच नांव दिलें. नेणाऱ्यांस तर आपण कांहीं नेत आहों, याची जाणीवहि नसावी. मनुष्य आपल्या प्रवासाचा इतिहास दफ्तरांत लिहितो. त्यानें न लिहिलेला भाग असा चिखलांत जपून राहतो.