रिपोर्टमधली ती ‘लिम्फोसाइट’ची ओळ

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरचा बायोप्सी रिपोर्ट वाचताना नातेवाईक बरेचदा एका ओळीपाशी थांबतात: ‘लिम्फोसायटिक इन्फिल्ट्रेशन’. “डॉक्टर, म्हणजे अजून पसरलंय का?” नाही. त्या रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी आहेत, गाठीत शिरलेल्या. आणि त्या तिथे असणं हे बहुधा चांगलं लक्षण असतं.

हे कळायला फार वेळ लागला. १८६३ मध्ये जर्मनीत रुडॉल्फ फिर्खो यांनी गाठींतल्या पांढऱ्या पेशी पाहून सांगितलं, की जुनाट दाह होतो तिथे कॅन्सर उगवतो. (वर्षानुवर्षं एकाच गालात तंबाखू धरणाऱ्यांची तोंडं तपासली की ते पटतंही.) पण याच पेशी कॅन्सरशी लढतही असतील का? १९२२ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या मॅककार्टी यांनी ऑपरेशननंतरच्या रुग्णांचा माग काढला. ज्यांच्या गाठीत लिम्फोसाइट होत्या, ते जास्त जगले होते. तरीही ही गोष्ट मागे पडली. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या लिम्फोसाइट सारख्याच दिसत. मारेकरी कोण आणि त्यांना आवरणारी कोण, हे ओळखता येत नव्हतं.

पुढे पेशींवरच्या खुणा रंगवून दाखवण्याची तंत्रं आली. २००६ मध्ये पॅरिसच्या जेरोम गॅलों यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये टी पेशी मोजल्या. त्या किती आणि कुठे आहेत यावरून रुग्णाचं भवितव्य नेहमीच्या टप्प्यांपेक्षाही चांगलं सांगता आलं. घशाच्या कॅन्सरमध्ये २०१४ चा ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टनचा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. एचपीव्ही विषाणूमुळे होणारा टॉन्सिलजवळचा कॅन्सर उपचारांना चांगली दाद देतो, असं आपण मानतो. पण त्यातही ज्यांच्या गाठीत लिम्फोसाइट कमी होत्या, त्यांची वाटचाल विषाणू नसलेल्या रुग्णांसारखीच बिकट निघाली.

रक्तातलं न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर ही वेगळी गोष्ट. ते जास्त असेल तर एकंदरीत परिणाम वाईट दिसतात. पण साधा संसर्ग किंवा स्टेरॉइडची गोळीही ते वाढवते. सीबीसीचा कागद घेऊन घरी भागाकार करत बसू नका.

तोंडाच्या कॅन्सरचा टप्पा आजही गाठीचा आकार व खोली, मानेतल्या गाठी आणि इतरत्र पसरणं यांवरच ठरतो. लिम्फोसाइटची ओळ त्यात धरली जात नाही. त्यामुळे ती नसली म्हणून तुमचे उपचार बदलत नाहीत.