चांदवडचा घाट आणि रायगडचा तह

चांदवडचें नांव निघालें कीं बहुतेकांस अहिल्याबाईंचा रंगमहाल आठवतो. मला मात्र ऑक्टोबर १६७० मधील एक प्रसंग आठवतो. दुसऱ्यांदा सुरत लुटून शिवाजीमहाराज परतत होते आणि त्यांची वाट अडविण्यासाठीं मोगल सरदार दाऊदखान कुरेशी चांदवडास येऊन ठेपला होता. त्यांतून वणी-दिंडोरीची लढाई झाली व महाराज विजयी झाले.

परंतु तलवारीनें पेठ लुटतां येते, बंदर नांदवितां येत नाहीं. त्यासाठीं करार लागतो. तो प्रसंग चार वर्षांतच आला. राज्याभिषेकाच्या सुमारास, १६७४ सालीं, मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन वीस कलमांचा मसुदा घेऊन रायगडीं आला. राजापूरच्या लुटलेल्या वखारीची भरपाई, मुलखांत व्यापाराची मोकळीक आणि मालावर शेंकडा अडीच जकात, या त्यांतील मुख्य मागण्या. निराजीपंतांमार्फत बोलणीं झालीं आणि जूनमध्यें तह ठरला.

मान्य झालेल्या कलमांपेक्षां, ज्या दोहोंवर महाराज अडले तीं अधिक बोलकीं आहेत. इंग्रजांचें नाणें मराठी मुलखांत चालावें, हें एक. यावर उत्तर असें कीं, नाण्यास मनाई नाहीं. परंतु प्रजेनें तोटा सोसून तें घ्यावें, अशी सक्ती करतां येणार नाहीं. दुसरें कलम फुटलेल्या जहाजांवरील माल परत मिळण्याचें. माणसांस साह्य करूं, पण माल किनाऱ्याच्या जुन्या रिवाजाप्रमाणें राज्याचा. आज इंग्रजांस सूट दिली तर उद्यां फ्रेंच व वलंदेजहि ती मागतील, असें महाराजांचें म्हणणें पडलें.

ही दृष्टि आयत्या वेळीं सुचलेली नव्हती. १६७१ सालींच त्यांनीं कुडाळच्या सरसुभेदारास लिहिलें होतें कीं, बारदेशचें मीठ स्वस्त पडल्यास संगमेश्वरचें मीठ पडून राहील. सबब बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी.

जुलै २०२५ मध्यें भारत व ब्रिटन यांच्या मुक्त व्यापाराच्या करारावर सह्या झाल्या. चांदवडच्या बाजारांत कांद्याची गाडी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याच्या कानीं अशा करारांची वार्ता येते, तेव्हां त्याच्या मनांत उभा राहणारा प्रश्न रायगडावरचाच असतो: मोकळीक कोणास मिळाली आणि तोटा कोणीं सोसावयाचा? करार करणाऱ्यांनीं आधीं याचें उत्तर द्यावें, मगच सही करावी.