श्वास मोजणारा डॉक्टर

प्राणाविषयी आपण पुष्कळ बोलतो. लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी श्वास मोजायलाच घेतला. त्यांचा श्वासमापक म्हणजे पाण्यात उलटं ठेवलेलं भांडं. छाती भरून घेतलेला श्वास नळीतून सोडला, की ते वर उचललं जायचं. पोलीस, खलाशी, कंगाल असे दोन हजारांवर लोक तपासून त्यांनी 1846 साली निष्कर्ष मांडला: ही क्षमता उंचीबरोबर वाढते, क्षयात घटते.

पण हचिन्सन विमा कंपनीचेही डॉक्टर होते. म्हणजे तोच आकडा रुग्णाला वेळीच सावध करणार आणि कंपनीला नकाराचं कारणही देणार. आजही दमेकरी श्वासमापकात फुंकतो. तेव्हा, मोजमाप बिनचूक असलं तरी ते कोणासाठी, हे आपण विचारायलाच हवं.